मोरस साखर कुणाच्या हातची? महाराष्ट्र शासनाला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, तसेच उद्योग, पणन आणि मराठी भाषा या खात्यांचे मा. मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : मॉरिशस.
संदर्भ : आजीचा चहा.

महोदय,

संदर्भाच्या जागी जावक क्रमांक आणि दिनांक लागतो, हे मला ठाऊक आहे. तीस वर्षे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली आहेत, शासनाला पाठवायची पत्रे बरीच खरडली आहेत. पण या पत्राला खरोखरच दुसरा संदर्भ नाही.

माझी आजी साखरेला साखर म्हणत नसे, मोरस म्हणे. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी रोजचा चहा गुळाचाच. पाहुणा आला की फडताळातला पितळी डबा खाली यायचा आणि पडवीतून आत हाळी जायची, ‘पावण्यास मोरस घाल गो.’ मोरस म्हणजे मोराशी काहीतरी संबंध असणार, अशी माझी बालपणीची समजूत. पुढे घाटावर कोल्हापूरकडे कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा एका जुन्या पॅनमनने, म्हणजे साखरेचा पाक शिजवणाऱ्या कामगाराने, उलगडा केला की मोरस म्हणजे मॉरिशस. चीनवरून चिनी, मिसर देशावरून मिसरी, तशी मॉरिशसहून मुंबई बंदरात उतरायची ती मोरस. गुजरातीत हा शब्द अजून ऐकू येतो. आपल्याकडे तो आजीच्या पिढीबरोबर गेला.

आता ही मोरस कोण करत होते ते पाहा. १८३४ साली ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला गेले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. त्याच्या पुढच्याच वर्षी १ फेब्रुवारीला मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि उसाच्या मळेवाल्यांना नवे हात हवे झाले. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हिंदुस्थानातून साडेचार लाखांहून जास्त माणसे तिथल्या धक्क्यावर उतरली. त्यांतली बहुतेक बिहारकडची, बाकीची बरीचशी तमिळ-तेलुगू मुलखातली. पण मुंबईहूनही जहाजे सुटली, आणि त्यांत आमच्या रत्नागिरीकडचे, सावंतवाडीकडचे, काही घाटावरचे लोक होते. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, हा तिथला हिशेब. तो धक्का ‘आप्रवासी घाट’ या नावाने २००६ साली जागतिक वारसा यादीत गेला. त्याआधी त्याला कुली घाट म्हणत.

म्हणजे कोकणातला माणूस बोटीत बसून ऊस तोडायला गेला. त्या उसाची साखर बोटीत बसून मुंबईला आली. मुंबईहून ती गलबताने जैतापूरच्या खाडीत शिरली असेल, आणि त्याच्याच भावकीतल्या कुणाच्या तरी घरी पाहुण्याच्या कपात पडली असेल. भावकीने मोरस गोड मानून घेतली. ती कुणाच्या हातची हे विचारायची सोय नव्हती.

हा व्यापार काही किरकोळ नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थान हे मॉरिशसच्या साखरेचे फार मोठे गिऱ्हाईक होते आणि तो माल मुख्यतः मुंबईत उतरे. जर्मनी-ऑस्ट्रियाची सरकारी अनुदानावर पोसलेली बीटसाखर स्वस्तात येऊ लागली, तेव्हा १८९९ साली कर्झनच्या सरकारने तिच्यावर जादा कर बसवला. त्यामागे मॉरिशसच्या मळेवाल्यांचे गाऱ्हाणेही होते. त्या देशाचे चलन आजही रुपयाच आहे, कारण आपलाच रुपया तिथे इतका मुरला होता की पुढे त्यांनी तेच नाव घेतले. नंतर मॉरिशसची साखर इंग्लंडकडे वळली, १९३२ साली आपल्या साखरधंद्याला संरक्षण मिळाले, स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, आणि महाराष्ट्रालाच मोरस म्हणावे इतकी साखर इथे पिकू लागली. मला पगार मिळाला तो या इतिहासामुळे, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. ती सांगण्याआधी गेल्या गणपतीतली एक गोष्ट सांगतो.

चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी राजापूर रोड स्टेशनवरून एक बाई रिक्षा करून आमच्या वाडीत आल्या. वय पन्नाशीचे. मॉरिशसमध्ये शाळेत मराठी शिकवतात. बोलणे शुद्ध पुस्तकी, चाल मात्र क्रिओलची, म्हणजे तिथल्या घरगुती बोलीची. ‘मी आपणांस कष्ट देत आहे काय?’ असे विचारले तेव्हा माझ्या नातवाने तोंडावर हात धरला. बाजारपेठेत कुणीतरी सांगितले होते की इंग्रजी कागद वाचणारे साखरवाले काका अमुक वाडीत आहेत. त्यांच्या हातात एका नोंदवहीच्या पानाची प्रत होती. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत; वंशजांनी मागितले की उतारा मिळतो. पानावर त्यांच्या खापरपणजोबांचे नाव होते, बापाचे नाव, वय, जात, उंची, गालावरची देवीची खूण. सगळे होते. आडनाव तेवढे नव्हते, कारण तिथे गेल्यावर बापाचे नावच पुढच्या पिढीला आडनाव म्हणून चिकटले. आणि गावाच्या रकान्यात, फ्रेंच वळणाच्या अक्षरात, लिहिले होते : कोंड.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कोंड हे गावाचे नाव नव्हे. आमच्याकडे वस्तीला, वाडीला कोंड म्हणतात. एकट्या राजापूर तालुक्यात कोंडये आहे, कोंडसर बुद्रुक आहे, खुर्द आहे, आणि नावापुढे कोंड लागलेल्या वाड्या तर कोण मोजणार? कारकुनाने विचारले असेल, कुठला रे तू? त्याने सांगितले असेल, कोंडावरचा. झाले.

मी बाईंना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी पान उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, ‘मॉरिशस आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही.’ मी म्हटले, साहेब, कोंड येतो. त्यावर ते म्हणाले, कुठला कोंड तो अर्जात स्पष्ट लिहा. मोठ्या प्रेमाने चहा पाजला, तो मात्र खरा. कमी साखरेचा.

संध्याकाळी वाडीत जाखडी होती. पोरे पायात चाळ बांधून गोल धरून नाचू लागली, मधे बुवा, ढोलकी. बाई एकदम उठून उभ्या राहिल्या. ‘ही तर झाकरी!’ त्यांच्याकडे झाकरी म्हणतात. गोंधळही आहे म्हणाल्या. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुटी असते, समुद्रात विसर्जन होते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत भाषा घरातून निसटली, आडनाव गेले, गावाचे नाव ‘कोंड’ एवढेच उरले, आणि पायांना फेर तेवढा आठवत होता. बाया त्यांना फुगडीला ओढून घेऊन गेल्या. मी पडवीत बसून ते पान परत परत वाचत होतो.

तर महोदय, महाराष्ट्र आणि मॉरिशस यांच्या मैत्रीबद्दल आपल्याकडे बोलले जात नाही असे नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये मोक्याला छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, आपले तेव्हाचे उपमुख्यमंत्री त्यासाठी गेले होते. चांगले झाले. तिथल्या मराठी मंडळींना त्याचे केवढे अप्रूप आहे ते बाईंच्या फोनमधल्या फोटोंवरून कळत होते. मला पुतळ्याचे वाकडे नाही. पण शाल, श्रीफळ, पुतळा, सामूहिक फोटो, ही मैत्री पाहुण्याच्या कपातल्या मोरससारखी झाली. रोजच्या चहात ती नाही.

रोजच्या व्यवहारात मॉरिशस कुठे भेटतो? दलाल स्ट्रीटवर. तिथल्या माणसाला मॉरिशस म्हटले की ऊस आठवत नाही, ‘मॉरिशस रूट’ आठवतो. १९८२ साली दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार झाला, आणि पुढे जगभरचा पैसा आधी मॉरिशसमध्ये कंपनी काढून मग भारतात येऊ लागला. एप्रिल २००० पासून देशात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीचा सुमारे चौथा हिस्सा कागदावर या चिमुकल्या बेटाच्या नावे आहे. बेट किती? सगळा देश मिळून २,०४० चौरस किलोमीटर. आमचा एकटा रत्नागिरी जिल्हा ८,२०८. शेवटी २०१६ साली करारात दुरुस्ती झाली, भांडवली नफ्यावर इथे कर लागू लागला, आणि तो रस्ता अरुंद झाला.

त्या रस्त्याने आमच्या जिल्ह्यातही एक पाहुणा आला होता. गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प, एन्रॉन. त्याचे भागभांडवल मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत आले होते, आणि प्रकल्प बुडाल्यावर भागीदार कंपन्यांनी भरपाईचा दावा लावला तो भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराच्या आधारे. म्हणजे एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीची माणसे मॉरिशसला गेली, आणि विसाव्या शतकाच्या शेवटी मॉरिशसचा शिक्का मारलेला पैसा रत्नागिरीत उतरला. दोन्ही वेळी जाणाऱ्या-येणाऱ्याची खरी ओळख कागदावर नव्हती. हा योगायोग मला गमतीचा वाटतो, पण वीजमंडळाला तो गमतीचा वाटला नसणार.

असो. आता माझ्या धंद्यातले बोलतो, कारण या पत्रातला मुख्य मुद्दा तोच आहे आणि तो मला जरा जास्त कळतो.

बाईंनी जाताना अर्ध्या किलोची एक पिशवी दिली. आत काळपट तपकिरी, ओलसर, हाताला चिकटणारी साखर. मस्कोवाडो. मी पिशवी उघडली आणि वास घेतला, तर काहिलीचा वास. थेट आमच्या पन्हाळ्याखालच्या गुऱ्हाळातला, रस आटत आला की येतो तो. महोदय, मी केमिस्ट होतो. आयुष्यभर माझे काम काय, तर साखरेचा रंग मोजायचा आणि तो कमी कसा होईल ते बघायचे. एस-३०, म्हणजे बाजारातली नेहमीची बारीक दाण्याची प्रत, पांढरी शुभ्र निघाली की साहेब खूश. आणि इथे एक देश साखरेचा रंग राखून, तो रंगच विकतो आहे.

हे त्यांनी हौसेने केलेले नाही, गळ्याशी आले म्हणून केले. १९७५ पासून युरोपने त्यांची ठरावीक साखर ठरावीक चढ्या भावात घेण्याचा करार पाळला. २००६ साली युरोपने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवायचे ठरवले, आणि २००९ साली तो जुना करारही संपला. आपल्याकडे असे झाले असते तर पहिला मोर्चा साखर आयुक्तालयावर गेला असता. त्यांच्याकडेही रडारड झाली असेल. पण त्यांनी दहा वर्षांचा आराखडा केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अडीचशेच्या वर असलेले कारखाने कमी होत होतेच, ते आणखी एकत्र केले. आता तीन उरले आहेत. उसाच्या चिपाडांवर वीज केली. त्यात ते आपल्या बरेच आधी होते. आणि कच्ची साखर पोत्याने विकण्याऐवजी डेमेरारा, मस्कोवाडो अशा खास साखरा युरोपच्या दुकानांत पाकिटातून नेल्या. विक्री सगळ्यांची मिळून एकच संस्था करते, १९१९ पासून. कारखाना अ ने कारखाना ब चा भाव पाडायचा, हा खेळ तिथे नाही. (आपल्याकडे या खेळावर मी स्वतंत्र पत्र लिहू शकतो, पण ते कुणी छापणार नाही.)

आता कोल्हापूरचा गूळ बघा. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गुऱ्हाळातला गुळव्या काय करतो? रस काहिलीत चढवतो, रानभेंडीचा चिकटा घालून मळी काढतो, चुलवाणात चिपाडे सारतो, पाक उतरवून वाफ्यात ओततो, मग रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, पाडतो. चव सगळी त्या तपकिरीतच असते. पण शाहू मार्केट यार्डात सौद्याला रवा फुटला की व्यापाऱ्याचे डोळे रंगावर. पिवळाधमक असेल तर भाव वर, काळपट असेल तर खाली. म्हणून मग रंग उजळायला हायड्रोस नावाची रासायनिक पावडर. गुळव्याला विचारा, तो म्हणेल, ‘साहेब, आम्हाला काय हौस हाय व्हय? काळा रवा घिऊन यार्डात उभं राहून बघा.’ मॉरिशसवाला जितका काळा तितका दाम जास्त घेतो, आणि आमचा शेतकरी पैसे खर्चून काळेपणा घालवतो. त्यात गुऱ्हाळे बंद पडत चालली आहेत ती वेगळीच. मजूर मिळत नाहीत, ऊस कारखान्याला गेला की एकरकमी बिल मिळते.

आणि यातला मुद्दा असा की ही मॉरिशसची खास साखर भारतात सवलतीच्या कराने यावी अशी सोय आपणच करून दिली आहे. १ एप्रिल २०२१ पासून दोन देशांतला सर्वंकष आर्थिक सहकार्य व भागीदारी करार लागू आहे. आफ्रिकेतल्या देशाशी भारताने केलेला हा पहिलाच असा करार. त्यात त्यांच्या ६१५ वस्तूंना आपण सवलत दिली, त्यांत गोठवलेले मासे आहेत, बिस्किटे आहेत, आणि खास साखर आहे. आपल्या ३१० वस्तूंना त्यांनी सवलत दिली, त्यांत ८० खाण्यापिण्याच्या. करार दिल्लीने केला, तो करायचा अधिकारही दिल्लीचाच. पण त्या ८० ओळींत कोल्हापूर, सांगली, रत्नागिरीने काय काय घालता येईल हे बघायचे काम दिल्लीचे नव्हे. मला त्या करारातली यादी मराठीत वाचायला मिळालेली नाही. सौद्याच्या यार्डात, फळ्यावर, मराठीत लावा ती. मंडळींना वाचता येते.

माझे मागणे त्यांची साखर थांबवा असे नाही. साखरेवर जकात लावा म्हणणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. त्यांच्याकडून शिकून घ्या, एवढेच म्हणणे. पुण्याजवळ मांजरी गावात वसंतदादा साखर संस्था आहे. मॉरिशसला १९५३ पासून त्यांची साखर उद्योग संशोधन संस्था आहे. या दोघांनी एकत्र बसून प्रदर्शनात स्टॉल मांडू नयेत. गुळाच्या रंगाचे काय करायचे ते बघावे. करवीर, पन्हाळा, शाहूवाडीतले दहा-बारा तरुण गुळव्ये तिकडे न्यावेत, आणि त्यांच्याबरोबर एकही सभापती पाठवू नये, ही माझी कळकळीची विनंती. दहा दिवस त्या लोकांची पॅकिंगची खोली आणि विक्रीची कचेरी बघू द्या. लेबलावर बेटाचे नाव कसे लिहितात, मळा कुठला ते कसे सांगतात, ओल किती टक्के ठेवतात आणि पिशवीत गठ्ठा का होत नाही, हे गुळव्या एका नजरेत ओळखेल. ज्याला आपल्याकडे ‘काळा माल’ म्हणून सौद्यात मागे सारतात, त्याला मानांकनाच्या नावाखाली वेगळी प्रत द्या, वेगळा सौदा काढा. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात, त्या दिवशी पहिला रवा बिनहायड्रोसचा, जसा आहे तशा रंगाचा फोडा. पणनमंत्री स्वतः आले तर चालतील. फेटा बांधू.

तिकडच्या बाजारात आपला माल जाण्याचे म्हणाल तर बारा-तेरा लाख वस्तीचा देश, केवढा गूळ खाणार! पण तो देश आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या व्यापारसंघांत बसलेला आहे, पोर्ट लुईला मुक्त बंदर आहे, आणि २०२५ च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँक आणि त्यांची मध्यवर्ती बँक यांच्यात आपापल्या चलनात व्यवहार करण्याबाबत समझोता झाला आहे. रुपयात विकून रुपयातच पैसे घेण्याची ही वाट आहे, त्यांचा रुपया की आपला एवढाच प्रश्न. तिथे पोर्ट लुईपासून क्युरपीपपर्यंत धावणारी मेट्रो मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली. मोठ्या कंपन्यांना वाट सापडते. मला काळजी आहे ती ज्यांना सापडत नाही त्यांची.

आता दुसरे मागणे, कोंडाचे. पैशाच्या हिशेबात ते लहान आहे, तरी मी ते खाली ढकलणार नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रपती मॉरिशसला गेल्या होत्या, तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड देण्याची घोषणा झाली. कार्ड मिळेल. गाव कोण देणार? त्यांच्या बाजूच्या वह्या मोक्यात आहेत. आपल्या बाजूचे कागद, मुंबई इलाख्याच्या सरकारी दप्तरातले, कुठे असतील तर मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, आपल्या राज्य पुराभिलेखागारात. दोन्हीकडचे कागद एकमेकांना कधी भेटलेले नाहीत असे मला वाटते. भेटले असतील तर आमच्या जिल्ह्याला त्याची खबर नाही. मोक्याच्या वहीत मुंबईहून आलेल्यांच्या जहाजाचे नाव आहे, तारीख आहे. तेवढ्यावरून मुंबईच्या दप्तरात शोधता येण्यासारखे पुष्कळ आहे. मराठी भाषा विभागाने दोन मोडी जाणणारी माणसे, एक इंग्रजी-फ्रेंच वाचणारे, आणि एक कोकणातल्या वाड्यांची नावे पाठ असलेला निवृत्त तलाठी, असे चार जण दोन वर्षे बसवले तर खर्च एका शिष्टमंडळाच्या विमानभाड्याहून जास्त होणार नाही. तलाठी नक्की घ्या. फ्रेंच कारकुनाने ‘कोंड’ लिहिले की ‘गोंड’ की ‘खंड’, हे पदवीने कळत नाही.

आणि मराठी शिक्षकांचे. तिथल्या सरकारी शाळांत मुलांना मराठी विषय घेता येतो, आजही. घरात क्रिओल, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच, आणि एवढ्यातून पोर शाळेत मराठीच्या तासाला बसते. बाई म्हणाल्या, मुलांना वाचायला द्यायला सोपी, आजची पुस्तके कमी पडतात. अभिजात दर्जा मिळाला त्याचा आनंद आपण २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुष्कळ केला. त्यातली चार खोकी मुलांची पुस्तके पोर्ट लुईला पोचली तर वजन फार होणार नाही. मुंबईहून थेट विमान जाते, सहा तासांच्या आसपास. आमच्या गावाहून एसटीने मुंबईला जायला त्याहून जास्त लागतात.

कळावे,

आपला,
एक निवृत्त साखर केमिस्ट, राजापूर तालुका

ता. क. बाई गेल्यावर मी कोंडये आणि दोन्ही कोंडसरच्या ग्रामपंचायतींना साधे पोस्टकार्ड टाकले होते. खापरपणजोबांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव, गालावरची देवीची खूण, सगळे लिहिले. दोघांकडून काही नाही. तिसरीकडून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या घरात चालत आलेले असे आहे, की दोन भावांतला एक लग्नाआधीच मोरसला गेला आणि परत आला नाही. त्याच्या नावाने पितृपक्षात अजून एक पान वाढतात. मी विचारले, नाव काय त्यांचे? म्हणाले, नाव कुणाला माहीत नाही. ‘मोरसवाल्याचे पान’ म्हणतात.